ग्रॅनाइटचा ओटा झाला, आता टाइल कोणती?

भिवंडीत घराचं काम निघालं की स्वयंपाकघरात आधी ओटा पक्का होतो. ग्रॅनाइट बसतो, सिंकसाठी चौकोन कापला जातो, कडेला मोल्डिंग होतं. मग मिस्त्री विचारतो, "डॅडोला कोणती टाइल आणताय?" आणि घरात चार जणांची चार मतं पडतात. ओट्यामागची ही जेमतेम दोन फुटांची पट्टी, पण रोजची फोडणी तिच्यावरच उडते. पुढची दहा-पंधरा वर्षं तीच डोळ्यांसमोर राहणार असते. म्हणून दुकानात जाण्याआधी या दहा गोष्टी वाचा. मजाही येईल आणि निवडही सोपी होईल.

१. घराखालच्या जमिनीपेक्षा ओटा म्हातारा

भिवंडीच्या पोटात आहे बसाल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. आजीचा पाटा-वरवंटा आणि जातं याच दगडाचं. ओट्यावरचा ग्रॅनाइट मात्र दुरून आलेला पाहुणा. तपकिरी 'टॅन ब्राऊन' तेलंगणातल्या करीमनगर भागातला, सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. दोघांचंही वय शंभर कोटी वर्षांच्या पुढे! एवढ्या ज्येष्ठाला मान द्या: आधी दगड ठरवा, मग त्याला शोभेल अशी टाइल.

२. काळा ग्रॅनाइट मुळात ग्रॅनाइटच नाही

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार भरपूर असतं, त्यामुळे तो करडा, गुलाबी किंवा तांबूस दिसतो. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारे दगड भूगर्भशास्त्राच्या हिशोबात गॅब्रो किंवा डोलेराइट गटातले. ओट्यासाठी ते उत्तमच आहेत, फक्त जात वेगळी. ब्लॅक गॅलेक्सीतले चमचमणारे ठिपके सोन्याचे नसून ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे. या दगडामागे मलईसारखी ऑफ-व्हाइट टाइल लावा, ठिपके खुलून दिसतात. निळसर झाक असलेला पांढरा लावलात तर सगळी चमक झोपते.

३. 'काश्मीर व्हाइट' येतो तमिळनाडूतून

नाव काश्मीरचं, खाणी तमिळनाडूत. या पांढुरक्या दगडात लालसर बुंदके दिसतात ते गार्नेटचे. बुंदक्यांचा रंग धरून फिकट बेज किंवा कोमट करडी टाइल निवडली की ओटा आणि भिंत एकमेकांशी बोलू लागतात. मात्र फिकट दगड तेल आणि हळदीचे डाग लवकर दाखवतो. ओट्याला सीलर मारून घ्या आणि काही वर्षांनी पुन्हा मारा.

४. एकाच गावाचं लुगडं आणि दगड

भिवंडीसारख्या कापडाच्या गावाला ही गोष्ट नक्की आवडेल. इरकली लुगड्याचं इलकल, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, तांबड्या ग्रॅनाइटच्या खाणींसाठीही प्रसिद्ध आहे. हा दगड दिसायला भारदस्त आणि रंगाने तापट. त्याच्यामागे पिवळी किंवा पोपटी टाइल लावली तर स्वयंपाकघर अंगावर येतं. फिकट राखाडी किंवा साधी ऑफ-व्हाइट लावा, तांबडा रंग लगेच खानदानी वाटू लागतो.

५. नक्षीवर नक्षी नको

टाइलच्या दुकानात भिंतीच्या टाइल तिघांच्या संचात मांडलेल्या असतात: लाइट, डार्क आणि हायलायटर. हायलायटरवर कपबशी, द्राक्षांचे घोस, मिरच्या, कॉफीच्या बिया असं काहीबाही छापलेलं असतं. दुकानात ते लोभस दिसतं. पण तुमच्या ग्रॅनाइटमध्ये आधीच ठिपके आणि लाटा असतील, तर चौकड्याच्या शर्टाखाली चौकड्याची पँट घातल्यासारखं होतं. दगड बोलका असेल तर टाइल शांत हवी. तिन्ही प्रकार घ्यायलाच हवेत असा नियम कुठेही नाही. एकटी लाइट टाइल सगळीकडे लावली तरी काम देखणं होतं.

६. ओटा एकरंगी असेल तर मात्र गोव्याला चला

दगड अगदी काळाभोर आणि बिनठिपक्यांचा असेल, तर नक्षीची हौस खुशाल भागवा. पोर्तुगीजांच्या निळ्या-पांढऱ्या टाइलचा नमुना पाहायचा असेल तर पणजीतल्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची भिंत पाहा. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये केलेली चित्रं तिथे टाइलवर आहेत. तोच निळा-पांढरा बाज आज छापील टाइलमध्ये सहज मिळतो. काळ्या ओट्यामागे तो फार खुलतो.

७. चौदा की एकशे साठ?

सिनेमा-मालिकांतल्या स्वयंपाकघरात दिसणारी छोटी पांढरी टाइल न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून आली. १९०४ मध्ये ती रेल्वे सुरू झाली तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी स्थानकांच्या भिंतींना ३ बाय ६ इंचांच्या चकचकीत टाइल लावल्या. उद्देश उजेड आणि स्वच्छता. आता आपल्या ओट्याचा हिशोब करू. ओटा दहा फूट, डॅडो दोन फूट उंच, म्हणजे वीस चौरस फूट. १२ बाय १८ इंचांच्या टाइल लागतात १४. न्यूयॉर्कच्या मापाच्या लागतात १६०! टाइल वाढल्या की सांधे वाढतात, आणि तेल जाऊन बसतं ते सांध्यात. रोज फोडणी देणाऱ्या घराला मोठी टाइल आणि कमी सांधे हेच सोयीचं.

८. सांध्यात लपलेलं कुंकू

पारंपरिक कुंकू कसं करतात? हळदीला चुन्यासारखा क्षार लावला की ती लाल होते. नेमकं हेच ओट्यामागे घडू शकतं. सिमेंटही क्षारयुक्त असतं. ताज्या पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या सांध्यांवर हळदीचे शिंतोडे उडाले की डाग लालसर पडतो, आणि साबण लावला तर आणखी गडद होतो. यावर उपाय दोन. सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा, कारण ते तेल-पाणी शोषत नाही. आणि ग्राउट शुभ्र पांढरं न घेता टाइलच्या रंगाच्या जवळचं, किंचित गडद घ्या. जुने हळदीचे डाग ऊन लागलं तर आपोआप फिके होतात. म्हणून खिडकी असेल तर ती फ्रिज लावून अडवू नका.

९. खटखट लूमची, चिकटपणा तेलाचा

ही गोष्ट खास भिवंडीची. पॉवरलूमच्या शेजारी राहणाऱ्यांना रुईचे बारीक तंतू नवे नाहीत. भिंतीवर फोडणीच्या तेलाचा पातळ थर असला की तंतू त्यावर चिकटतात आणि धुळीसकट काळी पुटं तयार होतात. अशा घरात खडबडीत, दगडी पोताची किंवा खाचाखोचांची टाइल म्हणजे कायमची घासाघीस. गुळगुळीत ग्लॉसी टाइल एका ओल्या फडक्यात साफ होते. चमक नको वाटत असेल तर सॅटिन फिनिश घ्या, पण हात फिरवून बघा: बोट कुठेही अडकता कामा नये.

१०. गुजरातची टाइल, तिची तहान वेगळी

भारतातल्या बहुतेक टाइल गुजरातच्या मोरबीत बनतात. मच्छू नदीकाठचं हे शहर पूर्वी कौलं आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी ओळखलं जायचं. १९७९ मध्ये मच्छू धरण फुटून ते उद्ध्वस्त झालं आणि जिद्दीने पुन्हा उभं राहिलं. तिथल्या भट्ट्यांत हजार अंशांहून जास्त तापमानात टाइल भाजली जाते, म्हणून गॅसच्या आचेला ती घाबरत नाही.

मोरबीच्या टाइलमध्ये दोन घराणी. भिंतीची सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून मिस्त्री ती लावण्याआधी भिजत घालतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर तिची पकड कच्ची राहते. भिंतीवर व्हिट्रिफाइड लावायची असेल तर टाइल अ‍ॅडेसिव्ह मागा. ओळखायची कशी? टाइलच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. जिरले तर सिरॅमिक, तसेच राहिले तर व्हिट्रिफाइड.

दुकानात जाताना एवढं करा

सिंकसाठी कापलेला ग्रॅनाइटचा तुकडा मिस्त्री टाकून देतो, तो मागून घ्या आणि पिशवीत घालून दुकानात न्या. दुकानातल्या झगझगीत दिव्यांवर विसंबू नका. दोन-तीन नमुने घरी आणा, तुकड्याशेजारी उभे करा आणि दिवसा व रात्री, तुमच्याच दिव्याखाली बघा. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे उतरवून घेतानाच तपासा, कारण त्याच डिझाइनची पुढची बॅच किंचित वेगळी निघू शकते. चौदा लागत असतील तर सोळा-सतरा घ्या आणि उरलेल्या माळ्यावर जपून ठेवा. ओटा आणि टाइल जिथे मिळतात तो कोपरा सिलिकॉनने बंद करून घ्या, म्हणजे पाणी मुरत नाही आणि झुरळांना घर मिळत नाही.

आणि शेवटचा शब्द त्या घरात रोज ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा असू द्या. पुसायचं काम ज्याचं, पसंतीही त्याचीच.