गंजगोलाईत गुगल मॅप बरोबर, तरी आपण चुकतो का?

लातूरच्या गंजगोलाईत माझ्या मॅपवरचा निळा ठिपका अगदी बरोबर जागी होता. तरी मी चुकलो, आणि भलत्याच रस्त्यावर आजीला शोधत बसलो.

झालं असं की नांदेडहून एसटीने आम्ही दोघं लातूरला गेलो होतो. आजी दमली म्हणून मिरचीच्या एका दुकानाच्या पायरीवर टेकली. तिची पिशवी माझ्या खांद्यावर आणि तिचा साधा फोन त्या पिशवीत! "दोन फोटो काढून आलोच," म्हणालो आणि गोलाईला पूर्ण चक्कर मारली. परत फिरलो तर सगळे रस्ते सारखेच दिसायला लागले.

आता ही जागा बघा. लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी या चौकाची आखणी केली. मधली मोठी दुमजली इमारत 1945 ची, तिच्या मध्यभागी देवीचं मंदिर. या गोलाला 16 रस्ते येऊन मिळतात आणि त्यांवर वेगवेगळे बाजार: कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. पॅरिसच्या त्या प्रसिद्ध कमानीभोवतीही 12च रस्ते आहेत. सॅटेलाइट व्ह्यू लावून एकदा बघाच, बैलगाडीचं चाक दिसतं.

गोची या चाकातच आहे. 360 अंशांचे 16 भाग केले की दोन रस्त्यांत सरासरी 22.5 अंश उरतात. साध्या चौकात रस्ते 90 अंशांवर असतात, तिथे फोनची दिशा 30 अंशांनी चुकली तरी आपल्याला कळतं कुठे वळायचं. गोलाईत तेवढ्याच चुकीने तुम्ही थेट शेजारच्या रस्त्यावर जाता.

पण दिशा चुकतेच का? कारण जीपीएस फक्त "तू कुठे आहेस" एवढं सांगतं. मोकळ्या आकाशाखाली ते साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतं. तुमचं तोंड कुठे आहे, हे त्याला माहीत नसतं. गाडीवर असताना ठिपका सरकतो, त्यावरून मॅप दिशा काढतो. उभे राहिलात की काम जातं फोनमधल्या मॅग्नेटोमीटरकडे, म्हणजे होकायंत्राकडे. ते पृथ्वीचं चुंबकत्व मोजतं, पण बाजूची मोटरसायकल, लोखंडी शटर, स्पीकर, इतकंच काय तुमच्या फ्लिप कव्हरमधलं चुंबकही त्याला फसवतं. (माझं कव्हर तसलंच होतं.)

ठिपक्यातून निघणारा निळा झोत रुंद दिसला तर समजा, फोनला स्वतःलाच दिशेची खात्री नाही. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा, झोत अरुंद होतो. मॅप सारखा गरगरत असेल तर कोपऱ्यातल्या कंपासच्या चिन्हावर टॅप करा, म्हणजे उत्तर वर राहील. आणि तरीही शंका असेल तर एका रस्त्याने सरळ तीसेक पावलं चाला आणि ठिपका कुठे सरकतो ते बघा. माझा भरवसा बाणापेक्षा यावर जास्त.

खरं तर आजीपासून निघतानाच मॅपवर बोट दाबून पिन टाकून सेव्ह करायला हवी होती. केली नव्हती. वाचलो ते फोटोमुळे. निघताना पायरीवर बसलेल्या आजीचा एक फोटो काढला होता आणि कॅमेऱ्यात लोकेशन सेव्ह करण्याची सेटिंग चालू होती. गॅलरीत तो फोटो वर सरकवला, खाली छोटा नकाशा आला. मग तीस पावलांची युक्ती लावली, आणि दुसऱ्या प्रयत्नात रस्ता सापडला.

आजी दुकानदाराशी निवांत गप्पा मारत होती. "कुणालाही मिरचीचा बाजार विचारला असतास तर सांगितलं असतं की रे," म्हणाली.

एक मात्र लक्षात ठेवा. असा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर लोकेशन निघून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जातं. घरी काढलेले फोटो तसे पाठवताना ते आधी काढून टाका.