सोळा घरांतले एक घर: इंद्रायणीच्या वंशावळीचा मागोवा

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष 1865 मध्ये मांडले, परंतु 1900 पर्यंत त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी त्यांना चौकटीचे रूप दिले, ज्यात एका कडेला मातेकडून आणि दुसऱ्या कडेला पित्याकडून येणारी जनुके, म्हणजे गुणांचे आनुवंशिक घटक, लिहून आतल्या घरांत संततीच्या शक्यता भरतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील भातखाचरांत झालेला बदल समजून घेण्यास ही चौकट आजही पुरेशी बोलकी आहे.

मावळपट्टीतील जुना आंबेमोहोर सुवासिक खरा, पण उंच वाढणारा, त्यामुळे वाऱ्यापावसात तो आडवा पडे. याउलट फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये दिलेला ‘आयआर 8’ बुटका आणि भरघोस पिकणारा, मात्र सुवासहीन होता. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेला ‘इंद्रायणी’ 1987 मध्ये प्रसारित झाला.

आयआर 8 चा बुटकेपणा अप्रभावी आहे, म्हणजे त्याची दोन्ही जनुके एकत्र आल्याशिवाय तो दिसत नाही. सुवासही, जगातील बहुतेक सुवासिक भातांप्रमाणे, अप्रभावी धरला, तर पहिल्या पिढीतील सर्व रोपे उंच आणि बिनवासाची निघतात, आणि त्यांच्या स्वपरागणातून येणाऱ्या दुसऱ्या पिढीत सोळा घरांपैकी फक्त एका घरात बुटके व सुवासिक रोप सापडते. या दोन गुणांची जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने हे गणित जुळते. उत्पादनासारखा अनेक जनुकांवर अवलंबून असलेला गुण मात्र चौकटीत मावत नाही, आणि निवडीत गेलेल्या पिढ्यांविषयीही ती मौन पाळते.

त्या एका घरातील रोपात दोन्ही गुणांची जनुके जोडीने सारखीच असल्याने आणि भात स्वपरागित असल्याने, ते गुण पुढच्या पिढीत फुटत नाहीत. म्हणूनच पश्चिमेकडील शेतकऱ्याला इंद्रायणीचे घरचे बियाणे राखता येते. याच तालुक्यांच्या पूर्व भागात, नारायणगाव परिसरात, संकरित टोमॅटो पिकतो. त्याच्या फळातील बी पेरल्यास दुसऱ्या पिढीत गुण विस्कटतात, सबब तेथे दर लागवडीला नवे संकरित बियाणे किंवा रोपवाटिकेतील रोपे विकत घ्यावी लागतात.