आठ यंत्रे, पाच लाकडे

1938 साली लेनिनग्राडच्या प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतली माणसे एक अडचण घेऊन विद्यापीठातल्या गणितज्ञांकडे गेली. ओंडका गरगर फिरवत त्याचा पातळ पापुद्रा सोलणारी आठ यंत्रे आणि सोलायला पाच प्रकारचे लाकूड, असा मामला होता. एकच लाकूड एका यंत्रावर भराभर सोलले जाई, तर दुसऱ्यावर रेंगाळे. पाचही प्रकारांचा माल ठरलेल्या प्रमाणातच निघायला हवा होता. कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड किती वेळ चढवले, तर एकूण उत्पादन सर्वांत जास्त होईल?

प्रश्न लिओनिद कांतोरोविच यांच्यापर्यंत आला. चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल होऊन बाविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेले हे गणितज्ञ तेव्हा 26 वर्षांचे होते. त्यांचे काम अतिशय अमूर्त गणितातले. तरीही त्यांनी प्लायवूडचा प्रश्न बाजूला सारला नाही, आणि गेल्या शतकातल्या फार मोठ्या शोधांपैकी एक त्यातून निघाला.

अडचण किती अवघड होती पाहा. यंत्र आणि लाकूड यांच्या जोड्या होतात 40. सर्वोत्तम योजनेत त्यांतल्या 12 जोड्या पुरतात, हे सिद्ध करता येते: आठ अटी यंत्रांच्या वेळेच्या, चार प्रमाणाच्या. पण त्या 12 कोणत्या? चाळिसांतून बारा निवडण्याचे मार्ग 558 कोटींहून जास्त आहेत. बरेचसे पाहताक्षणी बाद होतात, तरी जे उरतात ते कागद-पेन्सिलीने तपासणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

कांतोरोविच यांनी वाट काढली ती उलट्या बाजूने. छोट्या उदाहरणात ती नीट दिसते. समजा, दोनच यंत्रे आणि दोनच लाकडे आहेत, बर्च आणि पाइन. पहिले यंत्र तासाला बर्चचे 10 पत्रे सोलते आणि पाइनचेही 10. दुसरे बर्चचे 6, पण पाइनचे फक्त 2. आपल्याला जोड्या हव्यात, एक बर्च आणि एक पाइन. बर्चवर पहिले यंत्र जलद म्हणून ते बर्चला जुंपले, तर पाइन दुसऱ्याच्या वाट्याला येते आणि तासाला दोनच जोड्या निघतात. दोन्ही यंत्रांचा वेळ निम्मा-निम्मा वाटला तर सहा. सर्वोत्तम उत्तर आठ जोड्यांचे आहे. त्यासाठी बर्चवर हळू चालणारे दुसरे यंत्र पूर्ण वेळ बर्चवरच ठेवायचे, आणि पहिल्याने तासातली 12 मिनिटे बर्चला, 48 मिनिटे पाइनला द्यायची.

आता खरी गंमत. हे आठच उत्तर सर्वोत्तम कशावरून? कांतोरोविच यांनी प्रत्येक मालाला एक आकडा जोडला आणि त्याला ‘सोडवणारे गुणक’ म्हटले. आपल्या उदाहरणात बर्चचा पत्रा अर्ध्या जोडीच्या मोलाचा, पाइनचाही अर्ध्या जोडीच्या. या भावाने पहिल्या यंत्राचा तास पाच जोड्यांचा ठरतो आणि दुसऱ्याचा तीन. बेरीज आठ. याहून जास्त जोड्या कोणत्याही वाटपातून निघू शकत नाहीत, कारण या भावाने यंत्रांच्या तासात तेवढेच मोल आहे. योग्य भाव सापडले की 558 कोटी शक्यता तपासायची गरजच उरत नाही.

त्याच भावांतून व्यवस्थापकाला आणखी एक उत्तर मिळते. पहिले यंत्र अर्धा तास जास्त चालवता आले तर अडीच जोड्या वाढतील, दुसरे चालवले तर दीड. मग जादा पाळी कुठे लावायची, दुरुस्तीवाल्याला आधी कुठे पाठवायचे, हे वेगळे विचारावे लागत नाही. मात्र या भावांना मर्यादा असते. दुसरे यंत्र पूर्ण तासभर जादा चालवले, तर तीन जोड्यांऐवजी अडीचच वाढतात, कारण मधेच बर्चचा पुरवठा गरजेपुरता होतो आणि टंचाई पाइनकडे सरकते. आज कारखान्यांत या आकड्यांना शॅडो प्राइस म्हणतात. महागडी संगणक-प्रणाली घेऊन फक्त उत्पादनाचा तक्ता छापून घ्यायचा आणि या भावांकडे पाहायचेच नाही, ही माझ्या मते सर्वांत मोठी उधळपट्टी आहे.

1939 साली लेनिनग्राड विद्यापीठाने कांतोरोविच यांची पुस्तिका छापली. तीत प्लायवूडबरोबर पत्रा-कापणी, इंधनाचे वाटप, मालवाहतूक असे प्रश्न होते. पुढे युद्धाच्या काळात त्यांनी साऱ्या अर्थव्यवस्थेसाठी हाच विचार मांडणारे पुस्तक लिहिले, आणि तिथे त्यांची वाट अडली. वस्तूचे मूल्य तिच्यातल्या श्रमावर ठरते, हा सोव्हिएत अर्थशास्त्राचा पाया होता. टंचाईवरून भाव ठरतो म्हणणारा माणूस बाजारवाद्यांच्या पंक्तीत बसवला जाई, आणि त्या देशात ते जिवावर बेतू शकत होते. पुस्तक बाहेर यायला 1959 साल उजाडले. ज्या देशाला नियोजनाचा सर्वांत जास्त अभिमान होता, त्याने नियोजनाचे सर्वांत धारदार हत्यार वीस वर्षे कपाटात ठेवले, ही गोष्ट मला आजही फार दुःखाची वाटते.

तिकडे अमेरिकेत हेच गणित स्वतंत्रपणे उगवले. नेदरलँड्समध्ये जन्मलेले च्यालिंग कूपमन्स युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांचा हिशेब करत होते. 1947 साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँटझिग यांनी असे प्रश्न सोडवण्याची सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली. तिची परीक्षा झाली एका आहाराच्या प्रश्नावर. 77 पदार्थांतून नऊ पोषक घटकांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार काढायचा होता. नऊ कारकून हाताने चालवायची गणनयंत्रे घेऊन बसले आणि 120 मनुष्यदिवस खर्ची पडले. उत्तर आले वर्षाला 39.69 डॉलर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी त्याआधी चाचपडत, अंदाज बांधत काढलेला आकडा होता 39.93.

पुढे डँटझिग यांनी वजन उतरवण्यासाठी स्वतःचाच आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचे मनावर घेतले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून पाण्याचा अंश वगळून अन्नाचे वजन जास्तीत जास्त करायचे, असे उद्दिष्ट त्यांनी दिले. संगणकाने रोज 500 गॅलन व्हिनिगर प्यायला सांगितले! व्हिनिगरमध्ये पाणी नाही अशी नोंद झाली होती, आणि इतके कोणी पिऊ शकत नाही ही अट कोणी लिहिली नव्हती. गणित कुठेही चुकले नव्हते.

1975 चे अर्थशास्त्राचे नोबेल कांतोरोविच आणि कूपमन्स यांना मिळाले. डँटझिग यांना वगळल्याचे कूपमन्सना इतके लागले, की त्यांनी आपल्या रकमेतले 40,000 डॉलर एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेला देऊन टाकले.

या कथेत पुढचे मोठे पाऊल एका मराठी घरातल्या मुलाचे आहे. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले, आयआयटी मुंबईतून 1978 साली बाहेर पडलेले नरेंद्र करमरकर 1984 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. शक्यतांचा जो बहुपृष्ठक तयार होतो, त्याच्या कडेकडेने कोपऱ्याकोपऱ्यावर जाणे ही सिम्प्लेक्सची रीत. करमरकरांनी थेट आतून वाट काढली. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. मोठ्या प्रश्नांवर आजच्या प्रणाली सिम्प्लेक्स आणि त्या आतल्या वाटेचे वंशज, दोन्ही वापरतात. लाखो अज्ञात राशींचा प्रश्न आता साध्या संगणकावरही सुटू शकतो.

म्हणजे सोडवणे ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. प्रश्न लिहितो कोण, हे पाहायला हवे. आपल्या साखर कारखान्यांचेच घ्या. ऊस तोडला की त्यातली साखर आणि वजन घटू लागते, म्हणून लागणीची तारीख, जात, अंतर आणि गाळपक्षमता पाहून तोडणीचा कार्यक्रम आखणे हा अगदी कांतोरोविच यांच्या जातीचा प्रश्न आहे. त्यात कारखान्याचा एक रिकामा तास केवढ्याला पडतो हे गणित बरोबर सांगेल, कारण गाळपक्षमतेची अट लिहिलेली असते. भरलेल्या बैलगाड्या घेऊन गाडीतळावर रात्र काढणाऱ्या तोडणी कामगारांचे तास मात्र उद्दिष्टात किंवा अटींत कुठेच लिहिले नाहीत, तर त्यांचा भाव शून्य निघतो, आणि त्या भावाने आखलेला कार्यक्रम त्यांना खुशाल ताटकळत ठेवतो. त्यांच्या तासांची अट लिहायला एक ओळ लागते. तिचा भाव किती निघतो, तो कारखान्याच्या वार्षिक सभेत वाचून दाखवायला हवा.