जुन्या फटफटीचा कार्बोरेटर : घरच्या घरी साफसफाई

गेल्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातील ओळखीच्या एका केळी बागायतदाराकडे गेलो होतो. आबा ओसरीत जुनी हिरो होंडा सीडी १०० खोलून बसले होते. थाळीत पेट्रोल, पेट्रोलात कार्बोरेटर, आणि भिंतीपलीकडे चुलीवर भाकरी चाललेली! मी आधी थाळी उचलून अंगणात, लिंबाखाली नेली आणि मग रामराम घातला.

आबा वैतागले होते. "साहेब, रात्री तीनला लाईट आली. मोटार चालू करायला मळ्यात जायचं, तर गाडी हूं का चूं करेना. दीड कोस पायी जाईपर्यंत निम्मी पाळी गेली. मिस्त्री म्हणतो, नवा कार्बोरेटर टाका."

मी म्हटले, "आबा, टाकू नका. कार्बोरेटर म्हणजे तुमच्या ठिबकची धाकटी भावंडंच. ठिबक सांभाळता येतं, तर हेही सांभाळता येईल."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे नीट समजून घ्या. ठिबकमधून खत सोडताना आपण व्हेंच्युरी लावतो. अरुंद गळ्यातून पाणी जोरात जाते, तेथे दाब कमी होतो आणि बादलीतले खत आपोआप ओढले जाते. कार्बोरेटरात पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल, एवढाच फरक. पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट म्हणजे ड्रीपर. खालच्या वाटीतले पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणारा फ्लोट म्हणजे पाण्याच्या टाकीतला बॉल. यांतले काही चोंदले किंवा झिजले की गाडी अडते.

दुखणे ओळखा

चोक ओढल्यावर गाडी चालते आणि चोक बंद करताच मरते, तर बहुधा लहान जेट चोंदला आहे. हळू चालते पण वेग घेत नाही, तर मोठा जेट किंवा पेट्रोलची जाळी पाहा. खालच्या नळीतून पेट्रोल गळते, तर फ्लोटच्या सुईत कचरा आहे, सुई झिजली आहे किंवा फ्लोट फुटला आहे. चार-सहा मैल चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा सुरू होते, तर झाकणाचे हवेचे बारीक छिद्र मातीने बुजले आहे. अशा वेळी कार्बोरेटर खोलायची गरजच नाही. प्लग आणि एअर फिल्टरही आधी पाहून घ्यावेत.

काम कसे करावे

१. इंजिन थंड झाल्यावर, दिवसाउजेडी, उघड्यावर बसा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत, बिडीपर्यंत पोहोचते. लेकरांना दूर ठेवा. जवळ कोरड्या वाळूची बादली असू द्या; पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका.

२. पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाला पाण्याचा थर दिसला किंवा तांबडे कण दिसले, तर रोगाचे मूळ टाकीत आहे. टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटर धुण्यात अर्थ नाही.

३. कार्बोरेटर उतरवताना प्रत्येक भाग स्वच्छ फडक्यावर ओळीने ठेवा. लांब सुईची क्लिप कोणत्या खाचेत आहे, ते लिहून ठेवा. बाजूचा हवेचा छोटा स्क्रू अलगद आत फिरवत किती फेरे बसतात ते मोजा, मगच तो बाहेर काढा. जोडताना तेवढेच फेरे सोडायचे असतात.

४. फ्लोटची पिन हलक्या हाताने काढा; तिचे खांब ठिसूळ असतात. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल वाजले तर तो बदला. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला.

५. जेट पेट्रोलने किंवा कार्बोरेटर क्लीनरने धुऊन उजेडाकडे धरून पाहा. छिद्र गोल, स्वच्छ दिसले पाहिजे. चिकटा सुटत नसेल तर थोडा वेळ भिजत ठेवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. रबरी भाग क्लीनरमध्ये टाकू नका, ते फुगतात.

जेटमध्ये तार मात्र कधीही घालू नका. फवारणी पंपाच्या नोझलला तार घातली तर छिद्र मोठे होते आणि औषध वाया जाते, हे मी सभांमधून सांगत आलो. पण नोकरीच्या सुरुवातीला स्वतःच्या गाडीच्या जेटमध्ये मीच तार घातली होती! गाडी सुरू झाली, पण पेट्रोल जास्त खाऊ लागली आणि काळा धूर सोडू लागली. शेवटी जेट नवा घ्यावा लागला. जेट बदलायचाच झाला तर त्यावरचा नंबर पाहून तोच घ्या.

६. सर्व जोडून झाल्यावर, किक मारण्याआधी, रेस पिळून सोडून पाहा. ती 'टक्' करून मागे आली पाहिजे. अडकली तर गाडी रस्त्यावर आणू नका. स्लाइड उलटी बसली असेल किंवा केबल अडकत असेल.

राजदूत, येझदी अशा दोन स्ट्रोकच्या गाड्यांना तर ही सफाई टाळून चालत नाही. तेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. जेट अर्धवट चोंदला की पेट्रोलबरोबर तेलही कमी जाते आणि पिस्टन तापून धरतो. मग छोटे काम मोठ्या खर्चावर जाते.

पुन्हा चोंदू नये म्हणून

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. आपल्या जुन्या गाड्या मात्र आजचेच पेट्रोल पितात आणि त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसा-मक्यापासून ते बनते, तेव्हा त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखावा. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. जुन्या रबरी नळ्या व वॉशरही त्याने लवकर नरम पडतात. वर्षातून एकदा ते तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होईल. खानदेशातल्या उन्हात वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकटा राहतो. शिवाररस्त्याची धूळ असते, म्हणून एअर फिल्टरकडेही लक्ष ठेवा. धुतलेले पेट्रोल विहिरीजवळ किंवा गोठ्यात ओतू नका.

आबांच्या वाटीत पाणी निघाले आणि लहान जेट पार बुजलेला होता. लग्नसराईत गाडी महिनाभर उभी होती. लिंबाखाली तासाभरात काम झाले आणि दुसऱ्या किकला गाडी बोलली. नव्या कार्बोरेटरचे पैसे वाचले.

चहा घेऊन आलेल्या माई म्हणाल्या, "आता पुन्हा ओसरीत पेट्रोल काढलं तर मीच थाळी भिरकावीन." घरोघरच्या माउलींनी एवढा धाक ठेवला, तर गाडीही नीट राहील आणि घरही.