पैशाने न मिळणारे दोन छंद
जुनी स्पोर्ट्स कार पूर्ववत करणे आणि विमान चालवायला शिकणे हे श्रीमंतांचे चोचले, असा आक्षेप असतो. पैसा लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान 40 तास उड्डाण करावेच लागते, त्यातले काही एकट्याने. जेआरडी टाटांनी 1929 साली मुंबईत मिळवलेला परवानाही चाचणी देऊनच मिळाला. गाडीचेही तसेच. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, सांगाडा आणि इंजिन फारसे न बदललेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. बाजारातून गेलेला सुटा भाग मग लेथवर मूळ मापाने घडवावा लागतो. मुरबाडसारख्या एमआयडीसीच्या गावातल्या कुशल हातांना हे काम मिळायला हवे. ‘व्हिंटेज’ गाडीचे नोंदणी शुल्क 20,000 रुपये, नोंदणीची मुदत 10 वर्षे. रोजच्या वापराला मात्र मनाई.