ट्रॅक्टर चालू होतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो... पंप खोलायच्या आधी ही पाच ठिकाणं तपासा

जुलै महिना. पौडच्या पुढे मुळशीकडे निघालात, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली दिसतात. रोपं तयार आहेत, लावणीला माणसं सांगून ठेवली आहेत, चिखलणीसाठी ट्रॅक्टर खाचरात उतरलाय. आणि नेमका तेव्हाच तो बंद पडतो.

सेल्फ मारला की चालू होतो. दोन मिनिटं चालतो. मग गुरगुरतो, आचके देतो आणि बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच.

आता बांधावर चार माणसं जमतात. एक म्हणतो, "पंप गेला." दुसरा म्हणतो, "नोझल गेले." तिसरा म्हणतो, "इंजिन उतरवावं लागणार." रोपं मात्र थांबत नाहीत. भाताची रोपं साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावायची असतात. ती जास्त जून झाली की फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. त्यामुळे इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

पण जुनं डिझेल इंजिन चालू होऊन बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा दोष मोठा नसतो. तो कसा शोधायचा, तेच आज समजून घेऊ.

आधी इंजिन समजून घ्या

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याची गंमत अशी, की त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबून तिचा आकार साधारण सोळा-सतरा पट कमी करतो. त्यामुळे हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही पुढे तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझल डिझेलचा फवारा मारतं. डिझेल आपोआप पेट घेतं.

म्हणजे या इंजिनला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. हवा, दाब आणि वेळेवर डिझेल.

आता विचार करा. तुमचं इंजिन चालू होतंय, दोन मिनिटं नीट चालतंय. याचा अर्थ दाब तयार होतोय, नोझलही फवारा मारतायत. मग ते थांबतं का? कारण फिल्टरमध्ये आणि पंपात साठलेलं डिझेल संपतं आणि मागून नवीन येत नाही. इंजिन बिघडलेलं नसतं, उपाशी असतं.

इथे एक खूण लक्षात ठेवा. आचके देत, हळूहळू मरत बंद पडलं तर डिझेलचा प्रश्न. बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडलं तर आधी स्टॉपची केबल बघा. गंजामुळे ती पूर्ण मागे जात नसेल, तर तीच इंजिन बंद करते. आणि इंजिन खूप तापून, जड होऊन थांबलं असेल तर सेल्फ मारू नका. पाणी आणि ऑइल तपासा, मिस्त्रीला बोलवा.

आता टाकीपासून पंपाकडे चला

डिझेलचा रस्ता असा असतो: टाकी, कॉक, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल. तपासायचंही याच क्रमाने. कारण सुरुवातीच्या गोष्टी फुकटातल्या आहेत आणि शेवटच्या महागातल्या.

१. टाकीचं झाकण. झाकणाला बारीक छिद्र असतं. डिझेल जेवढं खाली जातं तेवढी हवा त्यातून आत येते. ते चिखलाने बुजलं, किंवा पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तुम्ही झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल अडतं. झाकण सैल करून इंजिन चालवून बघा. चालत राहिलं तर चोर सापडला.

२. कॉक आणि टाकीचा तळ. कॉकच्या पुढचा पाइप सोडा, खाली बाटली धरा आणि कॉक उघडा. टाकी उंचावर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये धार जाड आणि सलग यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर तळाशी गाळ, कापसाचा बोळा किंवा गंज अडकलाय.

३. पाणी. तीच बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, ते खाली बसतं आणि रेघ स्पष्ट दिसते. मुळशीसारख्या धो धो पावसाच्या भागात हे कायमचं दुखणं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली, की आतल्या दमट हवेचंही पाणी होतं. उपाय सोपा आहे. संध्याकाळी टाकी भरून ठेवा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरखालचा स्क्रू उघडून पाणी काढा.

४. फिल्टर आणि जाळी. फिल्टर चोंदला असेल तर इंजिन रिकामं चालतं, पण लोड आला की मरतं. फीड पंपाच्या तोंडाशी बऱ्याच मॉडेलमध्ये छोटी जाळी असते, ती हमखास विसरली जाते. तीही धुवा.

५. हवा. याला गावात "एअर धरली" म्हणतात. डॉक्टर इंजेक्शन देण्याआधी सिरिंजमधली हवा काढतात, ते आठवा. सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बंद केलं तर दट्ट्या हलत नाही. हवा भरली तर मात्र तो सहज आत जातो. पंपाचंही तसंच. जुन्या इंजिनचं नोझल उघडायला कारच्या टायरमधल्या हवेच्या साधारण शंभरपट दाब लागतो. मध्ये हवा असेल तर पंपाचा जोर तिला दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही.

हवा शिरते कुठून? तडा गेलेला रबरी पाइप, सैल नट, पुन्हा पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर. यातली मेख अशी, की टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या पाइपात ओढ असते. तिथून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर गळतंच असं नाही. म्हणून "गळती नाही" म्हणजे "हवा नाही" असं समजू नका.

एअर कशी काढायची?

ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करा आणि फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. लिव्हर मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच मुख्य पंपावरच्या स्क्रूला करा. नवीन फिल्टर टाकल्यावर ट्रॅक्टर चालू होत नाही, अशी तक्रार असते. तो फिल्टर खराब नसतो, रिकामा असतो. एअर काढा.

दोन गोष्टी मात्र करू नका. चालू इंजिनच्या नोझलच्या पाइपाजवळ हात नेऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. आणि सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

मग पंप कधी खोलायचा?

पाचही गोष्टी नीट असतील, तर एअर फिल्टर साफ करून एकदा बघा. काळा धूर येत असेल तर तिथे हवा अडलेली असू शकते. त्यानंतरच पंपाचं नाव घ्या. पंपाच्या आतल्या दट्ट्या आणि नळीमधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी असते. बांधावर, चिखलाच्या हातांनी तो खोलला, तर चांगला पंपही खराब होतो. ते काम पंपाच्या वर्कशॉपचंच.

थोडक्यात, पुढच्या वेळी बांधावर कुणी "पंप गेला" म्हणालं, तर त्याला आधी टाकीचं झाकण सैल करायला सांगा.