बोअरचे पाणी आणि मुलांचे दात

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी हक्काचे झाले. ते निरोगी आहे का?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस हटला, की बोअर खोल जातात. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे ताठरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. मायबहिणींनो, पावसाचे पाणी अडवा, जिरवा. आणि ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. तोही आपला हक्कच आहे.